चौपदरी झाली, आता तीस वर्षांचा हिशोब : डांबर की काँक्रीट, आणि मोरीचं पाणी कुणाच्या शेतात?

गेल्या आठवड्यात महामार्गालगतच्या टपरीवर चहा घेत होतो. समोर काँक्रीटच्या रस्त्यावर दोन मजूर सांध्यांतली माती खरवडून काढत होते. टपरीवर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "हाऊ रस्ता कितला वरीस टिकी रे भाऊ?" कुणी म्हणालं पन्नास, कुणी म्हणालं पाच, आणि सगळे हसले. खरं उत्तर मात्र कुणाकडेच नव्हतं.

प्रश्न साधा आहे, पण आपल्या जळगाव-धुळे पट्ट्यात तो आज सगळ्यात महत्त्वाचा आहे. रस्ता किती कोटींचा, हे पाटीवर लिहिलेलं असतं. तो तीस वर्षांत आपल्याला कितीला पडेल, हे कुठंच लिहिलेलं नसतं. विहिरीवर मोटर बसवताना आपण हा विचार करतोच ना? स्वस्त मोटर घेतली आणि दर हंगामात वायंडिंग जळालं, तर ती स्वस्त कशी? रस्त्याचं तसंच आहे.

आपल्या भागातले रस्ते

धुळे हे जुन्या काळापासून रस्त्यांचं नाकं. मुंबई-आग्रा रस्ता इथून जातो, सुरत-नागपूर रस्ता इथेच त्याला छेदतो, आणि चाळीसगाव-कन्नडमार्गे सोलापूरकडे जाणारा रस्ताही इथूनच निघतो. आपण ज्याला अजून 'सहा नंबर' म्हणतो, तो आता राष्ट्रीय महामार्ग ५३ आहे. नवापूर, साक्री, धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ, मुक्ताईनगर असा तो आपल्या पट्ट्यातून आडवा जातो.

या रस्त्याच्या चौपदरीकरणाची वाट आपण किती वर्षं पाहिली, ते वेगळं सांगायला नको. आधी 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' म्हणजे बीओटी पद्धतीने प्रयत्न झाला, तो तडीस गेला नाही. मग तुकडे पाडले. फागणे ते तरसोद सुमारे ८७ किलोमीटर आणि तरसोद ते मुक्ताईनगरच्या पुढचं चिखली सुमारे ६३ किलोमीटर. मधल्या काळात दुपदरी रस्त्यावर किती जीव गेले! जळगावकरांना शहरातल्या समांतर रस्त्यांसाठी आंदोलनं करावी लागली. रस्ता उशिरा होणं हादेखील खर्चच आहे, फक्त तो ठेकेदाराच्या बिलात दिसत नाही. तो घराघरांत भरला जातो.

याशिवाय जळगाव-पहूर-अजिंठा-औरंगाबाद (७५३ एफ) आणि जळगाव-पाचोरा-भडगाव-चाळीसगाव (७५३ जे) हे रस्ते आहेत. औरंगाबाद रस्ता खोदून ठेवला होता तेव्हाची धूळ ज्यांनी खाल्ली, त्यांना अर्धवट काम म्हणजे काय हे नीट ठाऊक आहे.

वरचा थर दिसतो, जोर खाली असतो

तापी-गिरणेच्या खोऱ्यातली आपली काळी माती कपाशीला आणि केळीला सोनं, पण रस्त्याला वैरी. पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात हात घालता येईल इतक्या भेगा पडतात. अशा मातीवर नुसती खडी-डांबर पसरलं, तर वर्षभरात रस्ता लाटा मारायला लागतो.

म्हणून महामार्गाच्या पोटात थर असतात. खाली भराव, त्यावर साधारण अर्धा मीटर निवडक मुरुमाचा दाबलेला थर, त्यावर पाणी निचरणारा खडीचा थर. तिथून पुढे दोन वाटा होतात. डांबरी रस्ता असेल तर ओल्या मिश्रणाची दाबलेली खडी आणि वर डांबराचे दोन थर. काँक्रीटचा असेल तर आधी साधारण १५ सेंटिमीटरचा कोरड्या काँक्रीटचा पाया आणि त्यावर ३० सेंटिमीटरच्या आसपास जाडीचा मुख्य स्लॅब. या स्लॅबला साधारण साडेचार मीटरवर आडवे काप देतात. नवखे लोक त्याला 'तडा' समजतात, पण तो मुद्दाम दिलेला असतो. काँक्रीट आकसणारच. काप दिला नाही, तर ते स्वतःच्या मर्जीने कुठेही फाटेल.

२०२२ च्या जूनमध्ये याच ५३ नंबरच्या रस्त्यावर, अमरावती-अकोला भागात, ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. कामगारांचं कौतुक आहेच. पण आपण हेही लक्षात ठेवावं की तो वरच्या थराचा वेग होता. रस्त्याचं आयुष्य ठरतं खालच्या थरांवर, आणि ते थर नीट दाबायला, तपासायला वेळ लागतोच.

डांबर की काँक्रीट : कागदावर मांडून पाहू

भारतीय रस्ते परिषदेच्या (आयआरसी) मार्गदर्शक सूचनांप्रमाणे काँक्रीटचा रस्ता साधारण ३० वर्षं धरून आखतात, राष्ट्रीय महामार्गावरचा डांबरी रस्ता साधारण २० वर्षं धरून. पण डांबरी रस्त्याला मधे दर पाच-सहा वर्षांनी वरून नवा थर द्यावा लागतो. काँक्रीटला सांध्यांतला मसाला बदलणं आणि फुटलेली पाटी दुरुस्त करणं एवढं करावं लागतं.

समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. आकडे मी हिशोबासाठी धरलेत, कोणत्याही कामाचे नाहीत.

समजा डांबरी रस्त्याला आज १०० रुपये लागतात आणि दर ६ वर्षांनी २५ रुपयांचा नवा थर. तीस वर्षांत असे चार थर, म्हणजे आणखी १००. एकूण २०० रुपये. काँक्रीटला आज १३० रुपये लागतात आणि दर १० वर्षांनी सांध्यांसाठी ३ रुपये, असं दोनदा. एकूण १३६. सरळ बेरजेत काँक्रीट जिंकलं.

पण थांबा. आजचा रुपया आणि अठरा वर्षांनी लागणारा रुपया सारखा नसतो. सोसायटीचं कर्ज काढणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. आज ३० रुपये जास्त घातले म्हणजे त्यावरचं व्याजही गेलं. वर्षाला १० टक्के व्याज धरून पुढचे सगळे खर्च आजच्या भावात आणले, तर डांबरी रस्ता पडतो साधारण १२९ रुपयांना आणि काँक्रीटचा साधारण १३२ ला. म्हणजे जवळपास बरोबरी! व्याज ५ टक्के धरलं, तर डांबरी जातो १५१ च्या घरात आणि काँक्रीट राहतं १३३ वर.

म्हणजे कोणता रस्ता स्वस्त, हे बरंचसं कागदावर व्याज किती धरलं यावर ठरतं. व्याज जास्त धरलं की उद्याचा खर्च लहान दिसतो, आणि आज स्वस्त दिसणारं काम मंजूर होतं. उद्याचा खर्च ज्यांच्या वाट्याला येणार ती आपली पोरं आज मीटिंगला बसलेली नसतात.

दुसरी गोष्ट, हा हिशोब 'थर वेळेवर टाकला' असं धरून आहे. आपल्याकडे सहाव्या वर्षीचा थर नवव्या वर्षी येतो. तोपर्यंत खड्ड्यातून पाणी आत जातं, खालचे थर सडतात, आणि जे काम २५ रुपयांत झालं असतं ते ६०-७० ला जातं. ज्या रस्त्याची देखभाल वेळेवर होण्याची खात्री नाही, तिथं काँक्रीटची बाजू भारी होते.

पण काँक्रीटचीही दुसरी बाजू आहे. ते वाईट झालं, तर फार महाग पडतं. डांबरी खड्डा दुपारून भरता येतो. काँक्रीटची पाटी फुटली, तर कापून, उचलून, नवी ओतावी लागते आणि त्यावर लगेच ट्रक सोडता येत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. त्या उन्हात काँक्रीट ओतलं आणि किमान दोन आठवडे गोणपाट ओलं ठेवलं नाही, तर वरून बारीक तडे जातातच. उन्हाळ्यात हे काम रात्री किंवा पहाटे केलेलं चांगलं. पाण्याचा टँकर दिसला नाही, तर गावकऱ्यांनी विचारायलाच हवं.

उन्हाचा त्रास डांबरालाही आहे. हवा ४५ असते तेव्हा काळा रस्ता ६० च्या पुढे तापतो. डांबर मऊ पडतं आणि जड ट्रकच्या चाकांखाली चाकोऱ्या पडतात. म्हणून उष्ण भागात, जड वाहतुकीच्या रस्त्यावर व्हीजी-४० सारखं कडक डांबर वापरतात.

पर्यावरणाच्या बाजूने पाहिलं तर दोघांपैकी कुणी साधू नाही. जगात माणसामुळे निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा साधारण ७-८ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे. डांबर येतं खनिज तेलातून, आणि ते तेल आपण बहुतांश बाहेरून आणतो. डांबराची एक जमेची बाजू अशी, की जुना थर खरवडून, तापवून पुन्हा वापरता येतो. दर वेळी नवा थर जुन्यावर चढवत गेलं, की रस्ता उंच आणि गाव खाली. मग पावसाचं पाणी घरात.

जड ट्रकचं गणित

रस्ता गाड्यांच्या संख्येने जेवढा मरत नाही, तेवढा वजनाने मरतो. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून, त्यावर ट्रक चालवून मोठा प्रयोग झाला. त्यातून 'चौथ्या घाताचा नियम' आला. आसावरचं वजन दुप्पट झालं तर नुकसान दुप्पट होत नाही, २ × २ × २ × २ म्हणजे साधारण १६ पट होतं.

आता आपल्याकडे बघा. जुलै २०१८ मध्ये केंद्राने ट्रकच्या आसावरची वजनमर्यादा वाढवली. चार टायरच्या एका आसाला १०.२ टन होती, ती ११.५ टन झाली. वाढ तेरा टक्क्यांच्या आत. पण चौथ्या घाताने नुकसान साधारण १.६ पट. हे झालं कायद्यातलं वजन. त्याच आसावर कुणी १५ टन टाकले, तर १०.२ टनांच्या मानाने नुकसान साडेचार पटींपेक्षा जास्त.

रात्री वाळूचे डंपर ज्या रस्त्यांवरून जातात, त्या रस्त्यांची दशा कुणी सांगायची गरज आहे का? ते तर बहुतेक जिल्हा परिषदेचे गावरस्ते, महामार्गाइतके जाड नाहीतच. आपली मोटारसायकल, बैलगाडी, रिकामी ट्रॉली यांनी रस्ता खराब होत नाही. तो खराब करणारे थोडे आणि दुरुस्तीचा भार सगळ्यांवर. म्हणून वजनकाटा चालू ठेवणं हे डांबर टाकण्याइतकंच रस्त्याचं काम आहे.

पाण्याची वाट अडवली, की रस्ताही जातो आणि शेतही

आता माझ्या घरची गोष्ट. तालुक्यातल्या एका रस्त्याला लागून माझं शेत आहे. जुना रस्ता जमिनीलगत होता. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की पाणी फरशीवरून जायचं, तासाभरात ओसरायचं. नवा रस्ता झाला तो चार-पाच फूट उंच. नाल्याला एक नळ्यांची मोरी दिली, तीही एकाच नळीची. मोजणी झाली उन्हाळ्यात, नाला कोरडा असताना. मी तेव्हाच म्हणालो होतो, "साहेब, पावसाळ्यात येऊन बघा." उत्तर मिळालं, "डिझाइन वरून आलंय."

पहिल्याच ऑगस्टमध्ये एका रात्री जोराचा पाऊस झाला. काडीकचरा अडकून नळी बंद. रस्ता धरण झाला आणि माझं दोन एकर कपाशीचं रान तलाव. चार दिवस पाणी उभं राहिलं. कपाशीची पाती-फुलं गळाली, मुळं कुजली. शेजारच्या शेतातही तेच. अर्ज केले, फोटो जोडले, गावातल्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या. दुसऱ्या वर्षी रस्ता पुन्हा फोडून दुसरी नळी टाकली. पण फोडलेल्या जागेचा भराव नीट दाबला नाही. आता तिथं रस्ता खचलाय, आणि रात्री मोटारसायकलवाले तिथंच आपटतात. एक नळी वाचवली, त्यापायी पीक गेलं, रस्ता दोनदा झाला, आणि खड्डा कायमचा राहिला. मोबदल्याच्या कागदावर यातलं काहीच नाही. तिथं फक्त गेलेली जमीन मोजली होती, उरलेल्या जमिनीचं काय होणार ते नव्हे.

मोठ्या पातळीवर पाहायचं तर औट्रम घाट आठवा. ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगाव भागात अतिवृष्टी झाली आणि कन्नडच्या या घाटात दरडी कोसळल्या. रस्ता बंद पडला. धुळे-औरंगाबाद वाहतूक लांबच्या वळशाने गेली. डिझेल, वेळ, नासलेला भाजीपाला हे सगळं कुणाच्या खात्यात लिहायचं? पाऊस आता थोड्या तासांत धो-धो पडतो. मोऱ्या, पूल आणि घाटातली गटारं जुन्या पावसाच्या मापाने आखली, तर पुढची तीस वर्षं आपण ढिगारेच उपसत बसू.

माती कुठून, राख कुठून, सावली कुठे?

चौपदरी रस्त्याच्या भरावाला डोंगर लागतो. मुरूम कुठून तरी येणारच. टेकड्या पोखरल्या, की रस्त्याकडेला खोल खड्डे राहतात आणि पावसाळ्यात ते पोरा-गुरांचा जीव घेतात. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात वेगळी वाट काढली गेली. महामार्गासाठी लागणारी माती-मुरूम तलाव आणि नाल्यांतून काढली. रस्त्याला माती मिळाली, गावाला खोल झालेला तलाव. 'बुलढाणा पॅटर्न' म्हणून देशभर त्याचं नाव झालं. आपल्या पारोळा, अमळनेर, शिंदखेड्यासारख्या तहानलेल्या तालुक्यांना यापेक्षा सोयीची गोष्ट कोणती?

दुसरा पर्याय दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राची राख. वीज केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आतल्या रस्त्यांच्या भरावात राख वापरण्याचा केंद्राचा नियम आहे. तेवढी सुपीक माती वाचते. पण एक अट महत्त्वाची. राखेच्या भरावाला बाजूने चांगल्या मातीचं जाड आवरण हवं आणि त्यावर गवत हवं. पावसाने आवरण धुपलं, तर राख उडून शेजारच्या पिकावर बसते. केळीच्या पानावर बसलेला थर शेतकऱ्यालाच पुसावा लागतो.

आणि झाडं. जुन्या सहा नंबरवरचे कडुनिंब, वड आठवतात? २०१५ च्या हरित महामार्ग धोरणात प्रकल्पखर्चाच्या १ टक्का रक्कम झाडांसाठी ठेवण्याचं ठरलं. रोपं लावल्याचे फोटो निघतात. पण हिशोब लावलेल्या रोपांचा नको, तिसऱ्या उन्हाळ्यात जिवंत असलेल्यांचा हवा. दुभाजकात कण्हेर ठीक आहे, ती समोरच्या गाडीचा उजेड अडवते. मात्र कडेला कडुनिंब, चिंच, करंजच हवेत. कण्हेरीखाली शेळीसुद्धा बसत नाही.

पैसे शेवटी कोण देतो?

आपल्या फागणे-तरसोद आणि तरसोद-चिखली या दोन्ही कामांची पद्धत 'हायब्रीड अ‍ॅन्युइटी' म्हणजे हॅम. ही २०१६ पासून आली. यात ४० टक्के रक्कम सरकार बांधकाम चालू असताना देतं. बाकी ६० टक्के ठेकेदार उभी करतो आणि सरकार त्याला ती पुढच्या १५ वर्षांत हप्त्याने, व्याजासह परत करतं. त्या १५ वर्षांत देखभालही ठेकेदाराकडेच असते. ही तरतूद आपल्या कामाची आहे. खड्डा पडला तर 'निधी नाही' हे उत्तर इथं चालत नाही, कारण देखभालीचे पैसे करारातच धरलेले असतात.

पण काँक्रीटचं आयुष्य तीस वर्षांचं आणि ठेकेदाराची जबाबदारी पंधरा वर्षांची. सोळाव्या वर्षी रस्ता कोणत्या अवस्थेत हाती येईल, याची तपासणी आतापासूनच मागायला हवी.

टोल आपण देतोच. त्याचा दर दरवर्षी १ एप्रिलला वाढतो : ठोक ३ टक्के, आणि घाऊक महागाई जेवढी वाढेल तिच्या ४० टक्के. नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांच्या खासगी गाड्यांना मासिक पास मिळतो. तो मागून घ्या, पुष्कळांना माहीतच नाही. टोलची रक्कम दरवर्षी न चुकता वाढते, मग देखभालही न चुकता व्हायला हवी, एवढंच म्हणणं आहे.

गावाने काय विचारावं?

तुमच्या शिवारातून रस्ता जात असेल किंवा जाणार असेल, तर ग्रामसभेत एवढं तरी लेखी मागा :

१. मोऱ्या आणि लहान पुलांची यादी, जागा आणि मापासकट. गावातल्या जुन्या माणसांना घेऊन नाल्यांवर जा. पुराची खूण कुठवर येते ते दाखवा, पंचनामा करून घ्या. हे काम भराव पडण्याआधी करायचं.

२. शेतात जायचा रस्ता. सेवा रस्ता कुठे सुरू होतो, कुठे संपतो, बैलगाडी आणि ट्रॅक्टर खालून जाईल इतका भुयारी मार्ग आहे का. नंतर दुभाजक तोडून केलेली वाट म्हणजे अपघाताला आमंत्रण.

३. मुरूम कुठून उचलणार. गावतलावातून उचलता येईल का.

४. देखभालीची जबाबदारी कुणाची, किती वर्षं, आणि करारात दुरुस्तीला किती दिवस दिलेत. माहिती अधिकारात ही कागदपत्रं मागता येतात.

५. खड्डा, तुंबलेली मोरी, बंद दिवे यांची तक्रार राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या क्रमांकावर करा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. फोटोत किलोमीटरचा दगड दिसू द्या.

रस्ता नको असं आपल्यापैकी कुणीच म्हणत नाही. रावेर-यावलची केळी वेळेत बाजारात पोचली तर भाव मिळतो, दवाखान्यात नेताना गाडी आदळली नाही तर माणूस वाचतो. म्हणूनच तो एकदाच आणि नीट व्हावा.

टपरीवरच्या त्या बाबांना मी तेव्हा उत्तर देऊ शकलो नाही. आता भेटले तर सांगेन : बाबा, काँक्रीट तीस वर्षांचं आखलंय. पण मोरी मोकळी राहिली, डंपरचं वजन झालं आणि सांध्यांत दर काही वर्षांनी मसाला भरला, तरच. नाहीतर टपरीवर जो 'पाच' म्हणाला, तोच खरा ठरेल.